तीन वाट्या पुढे, एक मागे

एकतीस वर्षं मी भोसरीत रबर शिजवलं.
गास्केट, बुश, टाक्यांच्या झाकणांच्या चकत्या.
साबणाने तीनदा हात धुतले तरी
ताटातल्या वरणाला कारखान्याचा वास येतो,
असं ही म्हणायची.
सांगायचं इतकंच,
की रबराबद्दल मला कुणी सांगू नये.

आणि ऋजुता सांगत होती.
कर्वेनगरच्या पार्किंगमध्ये, रात्री साडेनऊला,
गाडीच्या टपावर चार काळ्या वाट्या मांडून.
तीन पुढे, एक मागे.
स्क्रू नाही, पट्टा नाही, टपाला भोक नाही.
मधला खटका दाबत राहायचा,
आतली हवा निघून जाते, वाटी बसते.
"मग धरतं कोण?"
"धरत कुणीच नाही, बाबा. बाहेरची हवा दाबते."

मी काठाला नख लावून पाहिलं.
रबर चांगलं होतं.
याचंच जरा वाईट वाटलं.
म्हटलं, टप पुसून घे, धुळीचा एक कण पुरतो.
पुसलाय, म्हणाली.
मी परत पुसला. ओल्या फडक्याने, मग कोरड्या.

रबराचं एक असतं,
ते मरताना आवाज करत नाही.
वरून ठणठणीत, काठाला केसाएवढी चीर,
आणि एक दिवस टाकी रिकामी.
हे तिला सांगितलं नाही.
सायकल तिच्या तीन पगारांची होती.

पहाटे चारला खाली गेलो.
खटक्यावर लाल रेघ असते,
दिसली की समजायचं हवा शिरली.
पुढच्या तिघींची दिसत नव्हती.
मागचीची दिसत होती, झोपेत पापणी उघडी राहावी तेवढी.
दाबलं. सात वेळा. गेली.
वॉचमनने बॅटरी मारली, "काका, चोरी करताय काय?"
"नाही रे, तुझंच काम करतोय."

चांदणी चौक. भूगाव. भुकूम.
ऊन पाठीमागून, म्हणून सावली आमच्या पुढे पळत होती,
गाडीची, आणि गाडीच्या डोक्यावर
एकाच चाकाची सायकल.
(दुसरं चाक माझ्या मांडीवर. डिकीत मावत होतं,
मीच म्हटलं राहू दे.)
स्पीडब्रेकर आला की सावली थरथरायची
आणि माझ्या पोटात एक नट ढिला व्हायचा.

पिरंगुटच्या घाटात टेम्पोने कट मारला.
ऋजुताने ब्रेक दाबला
आणि माझे दोन्ही हात वर गेले,
आतून, टपाला, तळवे पसरून.
ती हसली नाही. समोर बघत राहिली.
हातही तिथेच राहिले
पौड येईपर्यंत.

पौडला चहा.
टपरीवाल्या बाईने मान वर करून विचारलं, केवढ्याला?
सायकल नाही हो, त्या वाट्या.
अठरा हजार, ऋजुता म्हणाली.
बाईने साखर ढवळली.
"आमच्या पोराची साडेचारात आली.
ती खालूनच चालती."

धरणाच्या कडेला तिने चाक लावलं,
दोन तासांत येते म्हणाली,
वळणापर्यंत हेल्मेट दिसलं, पिवळं,
मग नुसतं वळण.

मी, गाडी, चार रिकाम्या वाट्या.
ओढून पाहिली एक. हलेना.
दोन्ही हातांनी ओढली, पाय चाकाला लावून,
एकसष्टाव्या वर्षी शोभेल असं नव्हतं ते.
हलेना.
मग काठ नखाने जरासा उचलला.
स्स्.

एवढंच.
एकतीस वर्षं हा आवाज येऊ नये म्हणून पगार घेतला,
नीट ऐकला असा आजच.
टपावर प्रवासाची धूळ बसली होती
आणि मधोमध एक लखलखीत गोल,
घरी पुसलेला, तसाच.

रुमालाने आजूबाजूची धूळ काढली,
काठाला थुंकी लावली,
वाटी बसवली, खटका दाबला. सात वेळा.
बसली.

मग दुसरी काढली.
दोन तास होते.